अमेरिकेत कायद्याने राहणाऱ्या भारतीयांना ग्रीन कार्डसाठी इतकी वर्षं का थांबावं लागतं, आणि सगळ्यांना मान्य असूनही कायदा का बदलत नाही?

तुमचं म्हणणं असं की नोकरी आहे, टॅक्स भरताय, एकही केस अंगावर नाही, मग पंधरा-वीस वर्षं कशाला, आणि दोन्ही पक्ष सुधारणा हवी म्हणतात तर घोडं पेंड खातं कुठे. शिवाय भाचीला एमएसला पाठवू का हेही विचारलंय, त्यावर शेवटी येतो. मी मूळचा सांगलीचा, 2010 पासून न्यू जर्सीत, आणि या रांगेत माझा नंबर, म्हणजे अर्जाची तारीख, फेब्रुवारी 2015 चा आहे, त्यामुळे उत्तर जरा कडू लागलं तर सांभाळून घ्या.

आधी हिशोब. नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं, म्हणजे कायमचं राहायचे परवाने, वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, हा आकडा 1990 च्या कायद्यातला आणि तो अजून तसाच आहे. त्यात बायको-पोरंही मोजतात, म्हणजे चौघांचं घर असेल तर चार कार्डं गेली. वर कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, भारतालाही तेवढंच आणि आइसलँडलाही तेवढंच. आमच्या ईबी-2 कॅटेगरीत, म्हणजे मास्टर्सवगैरे उच्चशिक्षितांच्या रांगेत, वर्षाला 40 हजारांच्या आसपास कार्डं असतात, त्याचे सात टक्के म्हणजे 2800, इतर देशांची उरली तर त्यातली थोडी वरून. आणि एच-1बी, म्हणजे कुशल कामगारांचे तात्पुरते नोकरीचे व्हिसे, किती देतात? 65 हजार अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना 20 हजार, दरवर्षी, आणि त्यातले बहुतेक आपलेच. वरून नळ धो धो सोडलाय आणि खाली मोरीला करंगळीएवढं भोक, पाणी तुंबणारच ना.

गंमत म्हणजे ही देशवार मर्यादा भेदभाव मोडायला आणलेल्या कायद्यातून आली. 1965 च्या आधी युरोपातल्या ठराविक देशांना भरपूर जागा आणि भारताला वर्षाला 100, हो शंभरच. ते मोडून सगळ्यांना सारखं माप लावलं, पण सारखं माप माणसांना नाही, देशांना. आणि देश म्हणजे पासपोर्ट नाही हं, जन्म कुठे झाला ते. आमच्याबरोबर एकाच टीममध्ये एकाच महिन्यात अर्ज केलेला एक पुण्याचा मित्र आहे, त्याच्या बायकोचा जन्म मस्कतचा, कारण सासरे तेव्हा तिकडे नोकरीला होते. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्मदेश धरता येतो, तर त्यांनी ओमान धरलं आणि दोन वर्षांत कार्ड घरात. मी माझ्या सासऱ्यांना गमतीत म्हटलं की तुम्ही मिरज सोडून कधी हललाच नाहीत, ते बिचारे खरंच खजील झाले.

दर महिन्याला परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात तारीख असते, त्या तारखेच्या आधी नंबर लागलेल्यांचा विचार होणार. ही तारीख पुढेच सरकते असं नाही, मागेही जाते. ऑक्टोबर 2020 ला ईबी-3 मध्ये, म्हणजे साध्या पदवीवाल्यांच्या खालच्या रांगेत, अर्ज भरायची तारीख एकदम 1 जानेवारी 2015 झाली, माझ्या ओळखीचे अर्धे लोक ईबी-2 सोडून खाली ईबी-3 मध्ये उतरले, मी एका महिन्याने हुकलो. मग 2022 ला, कोविडमध्ये वकिलाती बंद राहिल्याने कुटुंबाच्या कोट्यातली न वापरलेली कार्डं नोकरीवाल्यांकडे आली होती, त्या जोरावर ईबी-2 ची तारीख 1 डिसेंबर 2014 पर्यंत पोचली. वकिलाने सांगितलं तयारी ठेवा. सगळ्यांच्या लसी, जन्मदाखले, माझ्या दाखल्यावर आईचं नाव चुकलेलं ते दुरुस्त करायला भावाने महापालिकेत चार खेपा घातल्या, आणि ऑक्टोबरचं बुलेटिन आलं तर तारीख एप्रिल 2012. अडीच वर्षांहून जास्त मागे! ती फाइल अजून कपाटात आहे.

आता राजकारण. जुलै 2019 ला देशवार मर्यादा काढायचं बिल हाऊसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, 365 विरुद्ध 65 ने पास झालं. दोन्ही पक्षांची मतं, अमेरिकेत आजकाल असं कशावरच होत नाही. वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, मात्र ते एकमताने झटपट मंजूर करायचा रस्ता धरला आणि त्या रस्त्यावर एक जरी सदस्य नाही म्हणाला की संपलं. रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल म्हणाले बाहेरून येणाऱ्या नर्सेसचं काय. डेमोक्रॅट सिनेटर डिक डर्बिन म्हणाले एकूण आकडाच वाढवा, नाहीतर भारतीयांना दिलेलं दुसऱ्या देशांच्या ताटातून जाईल. राग आला तरी हे म्हणणं खोटं नाही, भाकरी तेवढीच ठेवून तुकडे बदलायचे तर कोणीतरी उपाशी राहणारच. पण आकडा वाढवायचा म्हटलं की दुसरी बाजू उठते. शेवटी डिसेंबर 2020 ला सिनेटनेही पास केलं पण बदल करून, दोन मसुदे जुळले नाहीत, जानेवारीत काँग्रेसची मुदत संपली आणि बिल मेलं. 2022 ला परत तसंच एक आलं, हाऊसमध्ये मतदानाला ठेवून काढून घेतलं.

त्याआधी 2013 ला तर मोठं सर्वसमावेशक बिल सिनेटने 68 विरुद्ध 32 ने पास केलं होतं, आमचा प्रश्नही त्यात सुटत होता. हाऊसच्या सभापतींनी ते सभागृहात आणलंच नाही. माझं मत विचाराल तर खरी गोम इथेच आहे. आमचा प्रश्न सोपा आहे म्हणूनच कोणी एकटा सोडवत नाही. एकाला वाटतं हा गोड तुकडा सीमेच्या कडू औषधाबरोबर द्यावा, दुसऱ्याला वाटतं कागदपत्रं नसलेल्या लाखो लोकांच्या प्रश्नाबरोबर, म्हणजे दोघेही आम्हाला वरातीतल्या घोड्यासारखे वापरतात. आणि आम्हाला मत नाही. पंधरा वर्षं टॅक्स भरलाय पण गावच्या स्कूल बोर्डालासुद्धा मत नाही.

दबाव कधीच चालला नाही असंही नाही. जुलै 2007 ला सरकारने आधी सगळ्यांना अर्ज भरा सांगितलं आणि 2 जुलैला, लोक मेडिकल करून कागद घेऊन तयार असताना, नाही म्हणून सांगितलं. तेव्हा आपल्या लोकांनी गांधीगिरी केली, इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाला शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलला पाठवून दिली, पण 17 जुलैला निर्णय फिरवला. कायदा मात्र फुलांनी बदलला नाही, एक चूक तेवढी दुरुस्त झाली.

सगळ्यात जास्त त्रास पोरांना. माझी मुलगी दोन वर्षांची असताना आली, मुलगा इथेच जन्मला, म्हणजे एकाच डायनिंग टेबलवर एक अमेरिकन नागरिक आणि एक एच-4, म्हणजे माझ्या एच-1बी वर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा व्हिसा. परवा तिला ड्रायव्हिंग लायसन मिळालं, मैत्रिणींबरोबर फोटो काढायला गेली आणि गप्प परत आली. तिच्या लायसनची मुदत माझ्या व्हिसाच्या तारखेला संपते. उन्हाळ्यात सगळ्या जणी आइस्क्रीमच्या दुकानात काम करतात, हिला परवानगी नाही. 2029 ला ती 21 ची होईल, तोवर नंबर लागला नाही तर ती माझ्या अर्जातून बाहेर, मग तिचा स्टुडंट व्हिसा वेगळा काढायचा. धाकटा तिला विचारतो, तू इथली नाहीस का? ती म्हणते, तुझ्यापेक्षा जास्त वर्षं आहे मी इथे.

भाचीचं. एमएस चांगलं आहे, करू दे. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर नंतर तीन वर्षं काम करता येतं, तेवढ्यात एच-1बी च्या लॉटरीला सहसा तीनेक संधी मिळतात. सप्टेंबर 2025 ला नवीन एच-1बी वर 1 लाख डॉलरची फी लावली, पण जे इथे शिकतायत आणि देश न सोडता इथेच व्हिसाचं स्टेटस बदलतात त्यांना ती नाही असं नंतर स्पष्ट केलं, तरी हे नियम रात्रीत बदलतात ते धरून चाला. कर्ज काढताना फेड या तीन वर्षांच्या पगारात बसते का एवढंच बघा, त्यात ग्रीन कार्ड धरू नका. आणि जन्मदाखल्यावर तिचं आणि आईवडिलांचं नाव पासपोर्टसारखं आहे का ते आत्ताच तपासून घ्या, महापालिकेच्या खेपा इथून घालता येत नाहीत.