लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो शोधताय? आधी एवढंच जमवा

लाइटरूम क्लासिक या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो 'गायब' झालाय असं वाटलं की घाबरू नका. बहुतेक वेळा तो तिथेच असतो, फक्त आधीचा फिल्टर (ठरावीक अटींत बसणारेच फोटो दाखवणारी चाळणी) चालू राहिलेला असतो. कंट्रोल आणि एल दाबा (मॅकवर कमांड आणि एल), फिल्टर बंद होतो. तरीही फोटो आला नाही तर डावीकडे कॅटलॉगमध्ये 'ऑल फोटोग्राफ्स' निवडा. फिल्टर फक्त निवडलेल्या फोल्डरमध्येच शोधतो, आणि नवीन माणूस नेमका इथेच अडकतो.

आता सुरुवात:

१. ग्रिडसाठी (छोटे फोटो ओळीने दिसतात तो) जी, फिल्टरपट्टीसाठी बॅकस्लॅश दाबा.
२. आधी मेटाडेटा (तारीख, कॅमेरा अशी फोटोसोबत साठलेली माहिती) उघडा. तारखेच्या रकान्यात वर्ष, मग महिना. हजारो फोटोंचे शेकड्यांवर येतात. कॅमेरा, लेन्स नंतर.
३. मग अ‍ॅट्रिब्यूट: तुम्ही फोटोला दिलेले तारे, फ्लॅग (निवडला-नाकारला अशी खूण). 'तीन तारे' निवडताना शेजारची खूण बघा. ती 'तीन किंवा जास्त' अशी असते, तुम्हाला नेमके तीनच हवे असतील तर बदला.
४. टेक्स्ट शेवटी.

टेक्स्ट फिल्टर फोटोतलं दृश्य ओळखत नाही, लिहिलेलं वाचतो. कीवर्ड (फोटोला जोडलेले शोधशब्द) दिलेच नसतील तर 'पालखी' टाकून काय सापडणार? इम्पोर्ट करतानाच दोन-तीन कीवर्ड द्या, आणि स्पेलिंग एकच ठेवा. एकदा देवनागरी, एकदा रोमन असं केलं की अर्धे फोटो हाती लागत नाहीत.

टेक्स्ट, अ‍ॅट्रिब्यूट आणि मेटाडेटाच्या अटी एकत्र लागतात. निकाल शून्य आला तर एकेक अट काढून बघा.

स्मार्ट कलेक्शनला (अटींनुसार आपोआप भरणारा संग्रह) इतक्यात हात लावू नका.