‘जेनेरिक रिपब्लिकन’ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकी जनमत चाचण्यांत कोणाचे नाव न घेता नुसता ‘रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार’ म्हणून विचारतात, त्याला ‘जेनेरिक रिपब्लिकन’ म्हणतात. त्यासाठी ‘सर्वसाधारण रिपब्लिकन उमेदवार’ चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते चालू नये. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत ‘सर्वसाधारण’ म्हणजे आरक्षण नसलेली जागा. वाचकाला आधी सोडतच आठवेल. ‘सामान्य’ म्हटले तर उमेदवार बेताच्या कुवतीचा वाटतो आणि ‘निनावी’ म्हटले की नाव मुद्दाम लपवल्यासारखे वाटते.

इथे नाव लपवलेले नसते. ते अजून ठरलेले नसते, किंवा एका प्रश्नात मावत नसते. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या जागा 435, प्रत्येक मतदारसंघातली नावे वेगळी. म्हणून देशभर एकच प्रश्न टाकतात : तुमच्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराला मत द्याल की रिपब्लिकन पक्षाच्या? अध्यक्षपदासाठीही असे विचारतात. जुलै 2011 मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या चाचणीत ‘रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार’ तेव्हाचे अध्यक्ष, डेमोक्रॅटिक पक्षाचे ओबामा यांच्या पुढे होता, 47 विरुद्ध 39 टक्के. 2012 मध्ये त्या रिकाम्या जागी मिट रॉम्नी आले आणि ओबामा जिंकले. नाव नसते तेव्हा प्रत्येक जण तिथे आपल्या मनातला माणूस बसवतो. नाव आले की त्या माणसाची भाषणे आणि चुकाही आल्या.

‘जेनेरिक’ तसाच ठेवला तर? औषधांमुळे शब्द ओळखीचा झाला आहे, पण जेनेरिक औषधात कंपनीची छाप जाते आणि आतले द्रव्य उरते. इथे नेमके उलटे : आतला माणूस जातो, पक्षाची छाप उरते. ‘दगड उभा केला तरी निवडून येईल’ हे आपले बोलणे जवळचे खरे, पण त्यात विजय गृहीत आहे. चाचणीला तोच तपासायचा असतो.

संज्ञाच हवी असेल तर मी ‘नामनिरपेक्ष उमेदवार’ सुचवेन. बातमीत मात्र सरळ ‘रिपब्लिकन पक्षाचा जो कोणी उमेदवार असेल तो’ असे लिहावे. ‘कोणीही’ लिहू नये. त्यातून मतदाराला कोणीही चालेल असा अर्थ निघतो. ‘जो कोणी’मध्ये माणूस ठरायचा आहे, एवढेच कळते. ‘पक्ष ज्याला तिकीट देईल तो’ हे आपल्या कानाला सर्वांत सहज वाटेल, पण तिकडे उमेदवार बहुतेक वेळा प्राथमिक निवडणुकीत मतदारच निवडतात, त्यामुळे तेही नको.