‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका

चव आणि आठवण यांबद्दल तेच ते गोंधळ पत्रांतून पुन्हा येताहेत, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

जिभेच्या टोकाला गोड लागतं आणि मागे कडू, हे खरं का? (कराड)

नाही. चवीच्या कळ्या आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात. जिभेवर चवींचे भाग दाखवणारा तो तक्ता भिंतीवरून काढा.

लहानपणी एसटीत कंदी पेढे खाल्ले आणि खंबाटकीत उलटी झाली. आज चाळिशीतही पेढ्याच्या वासानं मळमळतं. मन कमकुवत आहे का? (सातारा)

अजिबात नाही. गाडी लागली तरी मेंदू दोष अन्नालाच देतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. एक प्रसंग पुरतो. मात्र नकोशा पदार्थांची यादी वाढत असेल, वजन उतरत असेल, तर भेटा.

चार वर्षांची मुलगी वरण-भाताशिवाय काही खात नाही. मेडिकलवाल्यानं भुकेचं सिरप दिलंय. (तासगाव)

डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय एक चमचाही नको. अशा काही सिरपांत मुळात ॲलर्जीचं, गुंगी आणणारं औषध असतं. या वयात मुलं नवा पदार्थ नाकारतातच. भाजी दहा-पंधरा वेळा ताटात यावी लागते आणि आपण तिसऱ्यांदाच हात टेकतो. चमचाभर वाढा, बळजबरी नको. वजन-उंची बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बहात्तर वर्षांच्या सासूबाई रोज म्हणतात, आमटीला चव नाही. वरून मीठ घेतात. त्यावरून घरात भांडणं होतात. नणंद म्हणते, वयामुळे. (मिरज)

तुमच्या आमटीत खोट नाही आणि सासूबाई खोडी काढत नाहीत. आपण जिला चव म्हणतो, तिचा मोठा हिस्सा वासाचा असतो. घास चावताना तो वास घशामागून नाकात चढतो. नाक चिमटीत धरून आमटीचा भुरका मारा. खारट, आंबट, तिखट कळेल, पण कांदा-लसूण मसाला गायब होईल. सासूबाईंना रोज तीच आमटी मिळत असावी. मग हात मिठाकडे जाणारच, आणि रक्तदाब असेल तर ते मीठ घातक.

वासाच्या नसा मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या भागांशी जवळून जोडलेल्या आहेत. पार्किन्सन (कंपवात) आणि अल्झायमर (विस्मरणाचा आजार) यांत वास जाणं हे कधीकधी फार आधीचं लक्षण असतं. घाबरू नका, कारण बरेचदा साधं निघतं: सायनस, नाकातला कोंब, कोविड, एखादी गोळी, कोरडं तोंड. पण ते घरात बसून ठरत नाही. ‘वयामुळे’ या एका शब्दावर वर्षं निघून जातात, माणूस घरची वाट विसरायला लागतो आणि मग आमच्याकडे आणतात. तोवर स्मरणशक्तीची महागडी पावडर घरात आलेली असते. ती घेऊ नका. गोळ्यांची सगळी पिशवी घेऊन आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, ते सांगतील तर न्यूरॉलॉजिस्टकडे. याच आठवड्यात जा. तोवर आमटीत मिठाऐवजी चिंच, लिंबू वाढवा. गॅसचा वास येत नसेल, तर त्यांना स्वयंपाकघरात एकटं सोडू नका.

भाकरी करपल्याचा वास आला की आजी आठवते, रडू येतं. उपचार हवेत का? (विटा)

नकोत. झोप-जेवण सुटलं, तर मात्र या.