वाढत्या शहरातली ऑफर: होकार देण्याआधी काय तपासशील?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी प्रॉडक्शन इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात दोन ऑफर आहेत. एक आमच्याच लहान शहरातल्या युनिटची, जिथे मी इंटर्नशिप केली. दुसरी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीची, वाहन उद्योगामुळे झपाट्याने वाढणाऱ्या एका शहरात, पगार दीडपट. माझी एक सीनियर मैत्रीण तीन वर्षांपूर्वी तिथे गेली. ती म्हणते, डोळे झाकून ये. तिचं भाडं पगाराच्या पाव हिश्श्यात भागतं. आई-बाबांना काळजी वाटते, पण नेमकी कशाची ते त्यांना सांगता येत नाही. फायदे मला सगळेच सांगतात. तोटे कुणी सांगत नाही, ते तुम्ही स्पष्ट सांगाल का? कळवायला दोन आठवडे आहेत.

उत्तर : हा प्रश्न बहुतेक मुलं तिथे पोचून सहा महिने झाल्यावर विचारतात. तू आधी विचारलास हे फार बरं केलंस, कारण आज तुला काहीच मोडावं लागणार नाही.

वाढत्या शहरातल्या बहुतेक अडचणी एकाच कारणातून येतात. कारखाने आणि माणसं आधी येतात. घरं, पाणी, रस्ते, दवाखाने मागून येतात. या मधल्या काळाची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. ज्याचं तिथे आधीपासून घर आहे, त्याच्या घराची किंमत वाढते. जो आज सामान घेऊन उतरतो, तो चढं भाडं देतो आणि वस्तीच्या टोकाला राहतो. तू या दुसऱ्या गटात असशील, तुझी मैत्रीण आता जवळजवळ पहिल्या गटात आहे. ती खोटं बोलत नाही. ती तीन वर्षांपूर्वीच्या शहराबद्दल सांगते आहे, एवढंच.

भाड्याचंच बघ. चांगला भाडेकरू टिकावा म्हणून घरमालक जुन्या माणसाचं भाडं बेताने वाढवतो. तीच खोली रिकामी झाली की मात्र आजच्या दराने देतो. त्यामुळे एकाच मजल्यावरच्या दोन सारख्या घरांचं भाडं वेगळं असू शकतं. तेव्हा मैत्रिणीला तिचं भाडं विचारू नकोस. ‘तुझ्या इमारतीत आज रिकामी झालेली खोली कितीला गेली?’ असं विचार.

आता दीडपट पगाराचा हिशोब कागदावर मांड. घरच्या शहरातला हातात येणारा पगार 100 धर. घरखर्चाला 30 दिलेस, जाण्या-येण्याला 5 लागले, तर 65 उरतात. तिकडे हातात 150 येतील. भाड्याला 60, प्रवासाला 12, जेवण, वीज, फोन मिळून 35 आणि वर्षभराच्या घरच्या फेऱ्यांचे महिन्याला 8 धरले, तर उरतात 35. माझे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुझे तू भर. पण मैत्रिणीसारखं पाव हिश्श्यातलं भाडं मिळालं असं धरलं, तरी शिल्लक 57 च्या आसपासच येते. पगार दीडपट आणि शिल्लक कमी, ही गोष्ट घरी राहून नोकरी करण्याचा पर्याय असलेल्यांच्या लक्षातच येत नाही. शिवाय अनामत रक्कम, पहिलं भाडं आणि गादी-भांडी हे सगळं पहिला पगार हातात पडण्याआधी भरावं लागतं. ते पैसे कुठून येणार, हे घरी आत्ताच बोलून घे.

भाडं पगाराच्या 30 टक्क्यांच्या आत असावं, असं तुला कुणीतरी सांगेल. हा आकडा प्रामुख्याने अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्याच्या नियमातून रूढ झाला. तिथे 1981 मध्ये मर्यादा 25 वरून 30 टक्क्यांवर नेली गेली. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीला त्याचा फार उपयोग नाही. मोठ्या पगारातून 30 टक्के गेले तरी भरपूर उरतं, लहान पगारातून गेले की महिनाअखेर ओढाताण होते. टक्केवारीपेक्षा भाडं दिल्यावर हातात काय राहतं तेच बघत जा.

प्रवासाबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण नव्या नोकरीतली उमेद इथेच सगळ्यात आधी संपते. परवडणारं घर कारखान्यापासून लांब असणार, हे धरूनच चाल. एका बाजूला दीड तास लागला, तर रोजचे तीन तास. महिन्यात 22 दिवस काम धरलं तर 66 तास. अर्ध्या तासाचा प्रवास असता तर 22 तासांत भागलं असतं. फरक 44 तासांचा, म्हणजे दर महिन्याला जवळजवळ एक अख्खा कामाचा आठवडा, तोही बिनपगारी. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने 1994 मध्ये मांडलं होतं की वाहनं बदलली, शहरं पसरली, तरी माणसं सरासरी दिवसाला एक तासाच्या आसपास प्रवासात घालवत आली आहेत. ती मर्यादा तिपटीने ओलांडशील, तर वेळ झोपेतून, अभ्यासातून किंवा माणसांतून काढावा लागेल. नोकरीबरोबर पुढचा एखादा कोर्स करायचं मनात असेल, तर तोच सगळ्यात आधी मागे पडतो.

त्यात तुझं काम शॉप फ्लोअरवरचं, प्रत्यक्ष उत्पादन चालतं तिथलं, म्हणजे पाळ्या आल्या. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते. कंपनीची बस आहे, असं एचआर सांगेल आणि ते खरंही असेल. तू पुढचं विचार: बस कोणत्या मार्गाने जाते, शेवटचा थांबा कोणता, ओव्हरटाइम झाला आणि बस गेली तर काय सोय आहे, आणि थांब्यापासून घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर कसा आहे. वाढत्या शहराच्या कडेला हा किलोमीटर बहुधा अर्धवट बांधलेल्या इमारतींमधून जातो. दिवे लागलेले नसतात, फुटपाथ खणून ठेवलेला असतो. आई-बाबांची काळजी तुला शब्दांत हवी होती ना? मला वाटतं, त्यांच्या मनात हाच रस्ता आहे. तिथे मुलगे असोत की मुली, कुणीच रात्री साडेअकराला एकटं चालू नये, आणि कंपनीने दारापर्यंत सोडणं हा उपकार नव्हे. विचारताना संकोच करू नकोस.

‘दोन वर्षांत मेट्रो येतेय, मग सगळं सोपं’ हेही ऐकशील. नकाशावर जी रेषा ठिपक्यांची आहे, तिच्या भरवशावर घर घेऊ नये. बेंट फ्लायव्हबर्ग या डॅनिश संशोधकाच्या गटाने 2002 मध्ये 258 वाहतूक प्रकल्प तपासले. दहातल्या जवळपास नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. पैसे कमी पडले की काम रेंगाळतं. रस्ते रुंद केल्यानेही गर्दी हटतेच असं नाही. ड्युरंटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकी शहरांबद्दल दाखवलं की महामार्गांची लांबी जितकी वाढते, जवळपास तितक्याच प्रमाणात त्यांवरचा वाहनप्रवासही वाढतो. आज जे आहे, त्यावरच ठरव.

पाण्याचं थोडक्यात सांगते. केपटाऊनमध्ये लागोपाठच्या दुष्काळानंतर 2018 च्या फेब्रुवारीत माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा घालावी लागली. मोठं, नियोजन असलेलं शहरही तिथवर येऊ शकतं. तू घर बघशील तेव्हा मालकाऐवजी शेजाऱ्याला विचार की पाणी किती वाजता येतं आणि उन्हाळ्यात काय होतं.

आता तुझ्या शाखेचा प्रश्न. ते शहर वाहन उद्योगावर उभं आहे. एका धंद्यावर उभ्या असलेल्या शहरात एक जोखीम असते: मंदी आली की नोकऱ्या, बोनस, घरांच्या किमती आणि दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता, सगळं एकाच वेळी खाली येतं. डेट्रॉईट हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. 1950 मध्ये तिथे साडेअठरा लाख माणसं राहत होती. 2010 च्या जनगणनेत ती सव्वासात लाखांच्याही आत आली, आणि 2013 मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. तिथल्या ऱ्हासाला वंशभेदासारखी इतरही कारणं होती, पण कारखाने बाहेर गेल्यावर त्यांची जागा घेईल असं दुसरं काही शहराजवळ पुरेसं नव्हतं. तुझ्या शहराचं असंच होईल, असं मी म्हणत नाही. पण कंपनी नेमका कोणता भाग बनवते, ते बघ. पिस्टन, फ्युएल इंजेक्टर, सायलेन्सर यांना विजेवर चालणाऱ्या गाडीत जागा नाही. ब्रेक, सस्पेन्शन, सीट, काचा यांना आहे. मुलाखतीत तुला विभाग सांगितला असेलच. नसेल तर आज ई-मेल करून विचार. आणि त्या शहरात औषधं, यंत्रसामग्री, अन्नप्रक्रिया असे तुझं शिक्षण चालेल असे दुसरे उद्योग किती आहेत, याचीही माहिती काढ.

तिथे कामं खूप आहेत म्हणून दुसरी नोकरी सहज मिळेल, असंही कुणी म्हणेल. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थतज्ज्ञांनी 1970 मध्ये मांडलेला एक मुद्दा इथे लागू पडतो. माणूस शहरातल्या पगाराकडे पाहून निघतो, आणि काम मिळण्याची शक्यता त्यात धरतो. त्यामुळे नव्या नोकऱ्या निर्माण झाल्याची बातमी पसरली की त्या नोकऱ्यांपेक्षा जास्त माणसं तिथे पोचू शकतात. तुझ्या हातात ऑफर आहे, म्हणून पहिली पायरी पक्की. दुसऱ्या नोकरीसाठी मात्र तू त्याच रांगेत असशील. अनुभव कशाचा आहे, यावर तिथे सगळं ठरेल.

म्हणून शिकायला काय मिळणार, हा प्रश्न मी पगाराच्या बरोबरीने ठेवते. मोठ्या प्लांटमध्ये नव्या इंजिनीअरला बरेचदा एका लाइनवरचं एकच स्टेशन मिळतं. शिस्त, कागदपत्रं, दर्जा तपासण्याच्या पद्धती उत्तम शिकता येतात, पण दोन वर्षं त्याच त्या कामात जाऊ शकतात. लहान युनिटमध्ये सकाळी फिक्स्चरचं (काम करताना सुटा भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाचं) ड्रॉइंग, दुपारी पुरवठादाराशी वाद, संध्याकाळी रिजेक्ट झालेल्या मालाचं कारण शोधणं, असं सगळंच अंगावर पडतं. तिथला तोटा हा की शिकवणारा एखादाच, आणि तो सोडून गेला की शिकणं थांबतं. तू इंटर्नशिप केली आहेस, तेव्हा तिथे शिकवणारं कोण आहे हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मोठ्या शहराचा खरा फायदाही सांगायला हवा, नाहीतर उत्तर एकांगी होईल. तिथे घर न बदलता नोकरी बदलता येते. साहेब वाईट निघाला, पगार अडकला, काम आवडलं नाही, तरी दुसरं दार असतं. लहान शहरात ते दार बहुधा नसतं, आणि सुरुवातीच्या वर्षांत या मोकळेपणाला खूप किंमत आहे.

एकटेपणाबद्दल फार लांबण लावत नाही. अशा शहरात सगळेच नवे, सगळेच जाण्याच्या तयारीतले. ओळख घट्ट होईतो समोरचा बदली घेऊन जातो. ताप आला तर औषध आणून देईल असं एक माणूस तिथे असायला हवं. तुला मैत्रीण आहे, ही मोठीच जमेची बाजू. ती पुढचं वर्षभर तरी तिथेच राहणार आहे ना, ते विचारून ठेव.

आता हे दोन आठवडे. त्यातले दोन कामाचे दिवस तिथे जाऊन ये, सुट्टीचे नकोत. मैत्रिणीकडेच उतर, पण सकाळी तिच्या घरून न निघता, तुला परवडेल अशा भागातून पाळीच्या वेळेला कारखान्याच्या फाटकापर्यंत बसने जा. घड्याळ लावून जा. रात्री पाळी सुटते त्या वेळी परतीचा रस्ताही बघ, मैत्रिणीला सोबत घेऊन. फाटकाबाहेर चहा घेणाऱ्या, वर्षभरापूर्वी लागलेल्या मुलामुलींना विचार की त्यांच्या बॅचमधले किती जण उरलेत. या एका प्रश्नाचं उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

ऑफर लेटर घरच्यांबरोबर बसून वाच. बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याची अट, आहे का, किती काळाची. सामान हलवायला दिलेले पैसे आधी सोडल्यास परत मागतील का. नोटीस पिरियड किती. दुसऱ्या प्लांटला बदली करण्याचा अधिकार कंपनीने राखलाय का. प्रोबेशननंतर कायम करण्याचे निकष लिहिलेत का. बाँड दोन वर्षांचा आणि रक्कम मोठी असेल, तर मी ती ऑफर घेऊ नकोस असंच म्हणेन. वर सांगितलेला कुठलाही तोटा सोसवेनासा झाला तर निघता यायला हवं, आणि बाँड नेमकं तेच अडवतो.

माझं मत विचारशील तर असं आहे: प्रवास एका बाजूला पाऊण तासाच्या आत बसत असेल, बाँड नसेल, आणि इंजिन गेलं तरी टिकेल असा विभाग मिळत असेल, तर जा. यातलं एक जरी अडत असेल, तर घरच्या युनिटमध्ये दोन वर्षं झटून काम कर आणि मग अनुभवाच्या जोरावर जा. तेव्हा भाडं चढं असलं तरी पगार ठरवताना तुझं ऐकलं जाईल. शहर तोवर कुठे जात नाही. आणि गेलीस आणि जमलं नाही, तर परत येण्यात कमीपणा मानू नकोस. स्थलांतराचे नियम मांडणाऱ्या रॅव्हनस्टाइनने 1885 मध्येच नोंदवलं होतं की माणसांचा एक मोठा ओघ जिकडे जातो, तिकडून उलट दिशेचाही एक ओघ येत असतो.

घरच्या युनिटच्या मालकांशीही या आठवड्यात बोल. दुसरी ऑफर आहे हे लपवू नकोस. पगार थोडा वाढेल का आणि पहिल्या वर्षी कोणकोणत्या विभागांत काम करायला मिळेल, हे लेखी देतील का, ते विचार. त्यांचं उत्तर आणि तिकडच्या बसचा वेळ, दोन्ही हातात आले की मला पुन्हा लिही.