स्क्रू आवळून कार्ड थंड होत नसतं

चवथीच्या आधी दरवर्षी हेच. कोणीतरी ग्राफिक्स कार्डाला वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरवून चिप थंड करणारा तांब्याचा ठोकळा) मागवतो, रात्री बसून लावतो, आणि सकाळी मला फोटो येतो: कार्डाचा बोर्ड वाकलेला, थर्मल पॅड (चिप आणि ब्लॉकमधल्या फटीत ठेवायची गादीसारखी पट्टी) कडेने बाहेर आलेले, खाली एक ओळ, "सर हे नॉर्मल आहे ना?" नाही, नॉर्मल नाही. एकेकाला सांगून दमलो म्हणून या खेपेला सगळे प्रश्न एकत्र घेतोय.

प्रश्न (फोंडा): सगळे स्क्रू काढले तरी जुना कूलर सुटत नाही. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू का?

अजिबात नको. आधी नीट बघा, वॉरंटीच्या स्टिकरखाली नाहीतर मागच्या पत्र्याच्या पट्टीवर एखादा स्क्रू राहिलेला असतो, बहुतेक वेळा तेच निघतं. तसं नसेल तर चिप आणि कूलरमधली पेस्ट सुकून चिकटलीय. स्क्रू परत लावा, कार्ड पीसीत घालून थोडा वेळ गेम चालवा, गरम झालं की पीसी बंद करून प्लग काढा आणि लगेच स्क्रू खोलून कूलर किंचित डावीकडे उजवीकडे पिळत सोडवा. सुटला की खसकन ओढायचा नाही, फॅनच्या वायरी बोर्डाला जोडलेल्या असतात. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की टोक मेमरी चिपच्या कडेला टेकतं आणि मग चिप हलते. एवढं करूनही सुटला नाही तर जोर न लावता रिपेअरवाल्याकडे न्या.

प्रश्न (म्हापसा): ब्लॉक लावल्यावर कोर (मुख्य चिप) ५२ अंश दाखवतो पण हॉटस्पॉट (त्याच चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) ९५. दुकानदार म्हणाला जाड पॅड लाव, कॉन्टॅक्ट चांगला होतो. म्हणून १ मिलिमीटरच्या जागी २ चे घातले आणि स्क्रू अजून आवळले. आता बाजूने बघितलं तर बोर्ड वाकडा दिसतो. नक्की किती आवळायचं?

पहिलं म्हणजे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि हे कार्ड या अवस्थेत चालू करू नका.

आवळण्याचा प्रश्नच नाहीये इथे, उंचीचा आहे. मधला जीपीयूचा, म्हणजे मुख्य चिपचा, डाय (सिलिकॉनचा तुकडा) उघडा असतो, त्याच्यावर पेस्टचा पातळ थर देऊन ब्लॉक थेट टेकला पाहिजे. आजूबाजूच्या मेमरी चिप आणि व्हीआरएमचे (चिपला वीज पुरवणाऱ्या सर्किटचे) भाग वेगवेगळ्या उंचीचे असतात, म्हणून ब्लॉक बनवणारा तांब्यात तेवढ्या पायऱ्या कापतो आणि मधे किती फट राहील ते आधीच ठरवून टाकतो. पॅड त्या फटीसाठी असतो. फट १ ची आणि तुम्ही घातला २ चा, तर चारी बाजूंनी पॅड ब्लॉकला वर उचलून धरतो आणि डायवर तो नीट बसतच नाही. कोरचा आकडा ठीक दिसतो, हॉटस्पॉट मात्र भडकतो, कारण डायचा एखादा कोपरा कोरडाच राहिलाय. मग माणूस काय करतो, अजून आवळतो. डब्यात चपात्या जास्त झाल्या की झाकण बसत नाही आणि दाबत राहिलं की झाकणच वाकतं, तसं इथे स्क्रू बोर्डाला ब्लॉककडे खेचतात, पॅड उलटे ढकलतात, आणि मधे वाकतो तो बिचारा बोर्ड.

आणि बोर्ड वाकला म्हणजे नुसतं दिसायला वाईट एवढंच नाही. जीपीयू आणि मेमरीच्या खाली सोल्डरचे बारीक गोळे असतात, ते बोर्डाबरोबर वाकत नाहीत, त्यांना तडा जातो. त्या दिवशी काहीच कळत नाही, कार्ड चालतं, बेंचमार्क निघतो, फोटो टाकले जातात, आणि गरम-थंड होत होत तडा उघडत जातो. म्हणून "माझं तर चाललं" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

दुकानदाराबद्दल. पाकिटावर उष्णता वाहून नेण्याचा, वॅटचा मोठा आकडा छापला की पॅड महाग विकता येतो, पण तसले बरेच पॅड कडक असतात, दबत नाहीत, आणि इथे मऊपणा जास्त महत्त्वाचा. फटीची खात्री नसेल तर थर्मल पुटी (उष्णता वाहून नेणारा मऊ लगदा) बरी, ती हवी तेवढी दबते आणि बोर्डावर जोर येत नाही. दुसरी ऐकीव गोष्ट म्हणजे जुन्या एअर कूलरचे पॅड मोजून तेवढ्याच जाडीचे घ्यायचे. तो कूलर वेगळा, हा ब्लॉक वेगळा, त्याच्या पायऱ्या वेगळ्या. कुठे किती जाडीचा पॅड ते ब्लॉकबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद फेकायचा नसतो.

आता लावायचं कसं. डायवर पेस्ट पूर्ण पसरा, पॅड ठेवा, आधी डायभोवतीचे चार स्क्रू तिरक्या जोडीने, एकेकाला अर्धा फेरा, हातानेच, ड्रिल मशीन लांब ठेवा. स्क्रू टेकून थांबला की तुम्हीही थांबा. मग सगळं परत उघडा. हो, परत, पेस्ट वाया गेली तर जाऊदे. डायवर पेस्ट सगळीकडे सारखी पातळ आणि पॅडवर चिपचा ठसा उमटलेला, म्हणजे बरोबर. पॅडवर खोल ठसा आणि डायवर पेस्टचा जाड थर, म्हणजे पॅड जाड आहे. पॅडवर ठसाच नाही, म्हणजे पातळ. हे जमलं की नवी पेस्ट लावून बसवा आणि बाहेरचे स्क्रू नुसते टेकवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, अदलाबदल करू नका, लांब स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि बोर्ड मात्र सैलच राहतो.

शेवटी बोर्डाच्या मागे स्टीलची पट्टी धरून उजेडात बघा. किंचित बाक कंपनीतून आलेल्या कार्डातही असतो, पण लांबून डोळ्याला दिसतो तो बाक चालणार नाही. कोर आणि हॉटस्पॉटमध्ये १०-१५ अंशांचा फरक चालतो, २५ च्या पुढे गेला तर उघडून बघा (आरटीएक्स ५० सिरीजमध्ये हॉटस्पॉटचा आकडा दिसतच नाही, तिथे ठशावरच भरवसा). तुम्ही आता सगळे स्क्रू थोडे थोडे सैल करून ब्लॉक काढा, ब्लॉकचं मॉडेल, बोर्डाची रिव्हिजन (आवृत्ती) आणि पॅडचे फोटो ब्लॉकच्या कंपनीला पाठवा, आणि बोर्ड एकदा चिप लेव्हलचं काम करणाऱ्याला दाखवून मगच पॉवर द्या.

प्रश्न (पर्वरी): आरटीएक्स ३०९० कार्डाला ब्लॉक लावला, कोर मस्त थंड आहे पण मेमरी ११० ला जाते. ब्लॉक डुप्लिकेट आहे का?

डुप्लिकेट कशाला असेल. ३०९० मध्ये २४ मेमरी चिप आहेत, १२ पुढे आणि १२ मागे, मागच्यांना तुमचं पाणी पोचतच नाही. ११० ला कार्ड स्वतःच वेग कमी करतं. त्या ब्लॉकसाठीचीच बॅकप्लेट (बोर्डाच्या मागचा पत्रा) आणि तिच्या जाडीचे पॅड घ्या, मागे मिळेल तो जाड पॅड कोंबू नका, नाहीतर मागून ढकलून तोच बाक येतो. ३०९० टी-आयचा सेट यावर चालेल म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, टी-आयच्या सगळ्या मेमरी चिप पुढेच आहेत. ऑर्डरआधी कंपनीला विचारा.

प्रश्न (डिचोली): घरच्या विहिरीचं पाणी फिल्टर करून लूपमध्ये (ब्लॉकमधून पाणी फिरवणाऱ्या नळ्यांत) चालेल?

नाही, आरओचंही नाही, तयार कूलंट घ्या.

प्रश्न (वास्को): पावसाळ्यात एवढी दमट हवा, ब्लॉकवर पाणी धरून कार्ड शॉर्ट होईल का?

साध्या रेडिएटरने (पाण्याची उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीने) होणार नाही, लूपमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. पण कोणीतरी व्हिडिओत दाखवलं म्हणून बादलीत बर्फ टाकून पाणी फिरवलं तर होईल, पावसाळ्यात गोव्यात दवबिंदू (हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान) २४-२५ अंशांच्या आसपास असतो, त्याच्या खाली गेलात की ब्लॉक ओला. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लावायचा विचार असेल तर आधी कळणाऱ्या माणसाशी बोला.

प्रश्न (पेडणे): ब्लॉक लावल्यापासून दोन महिने स्क्रीनवर चौकोन येतात, कार्ड हाताने दाबलं की जातात. मित्र म्हणतो ओव्हनमध्ये भाजून काढ.

दोन महिने! दाबल्यावर जातात म्हणजे बहुतेक सोल्डर सुटलाय, आणि तुम्ही रोज गेम खेळून तो तडा वाढवत बसलात. ओव्हनमध्ये भाजून कधी कधी चार दिवस चालतं आणि मग कायमचं जातं, शिवाय त्याच ओव्हनमध्ये नंतर घरचे केक करणार. आजच बंद करा, ब्लॉक उतरवा आणि रीबॉल करणाऱ्याकडे (चिपखालचे सोल्डरचे गोळे नव्याने बसवणाऱ्याकडे) न्या. खर्च आधी विचारून घ्या, जुन्या कार्डाला परवडेलच असं नाही.

प्रश्न (काणकोण): ब्लॉक लावला तर वॉरंटी जाते का?

कंपनीगणिक वेगळं, स्टिकर फाडायच्या आधी लेखी विचारा.

प्रश्न (साखळी): मुलगा पुण्याला शिकायला चाललाय. हार्ड ट्यूबवाला (पाण्याच्या कडक नळ्यांचा) पीसी चोर्ला घाटातून गाडीने नेला तर चालेल?

उभा ठेवून नको. तांब्याचा ब्लॉक जड, प्रत्येक खड्ड्याला कार्ड स्लॉटवर लोंबकळणार, आणि हार्ड ट्यूब थोडी जरी आखूड कापलेली असेल तरी ती कार्डाला सतत एका बाजूला पिळत असते. लूप रिकामा करून कार्ड बाहेर काढा आणि फोममध्ये वेगळं न्या. ते जमत नसेल तर निदान कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली, म्हणजे कार्ड उभं राहतं. लूप ज्याने बांधला त्याच्याकडूनच रिकामा करून घ्या, आणि पुण्यात पोचल्यावर लीक टेस्ट केल्याशिवाय कार्डाला पॉवर द्यायची नाही हे मुलाला सांगून ठेवा.