तिला आम्ही आवडतच नाही हो

काकू खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मॅडम, मी कुत्रीसाठी आलेय. हसू नका हं."

हसले नाही. मी समुपदेशक, माझ्याकडे लोक येतात ते सासूचं, नवऱ्याचं, दहावीतल्या पोराचं गाऱ्हाणं घेऊन. पण गेल्या काही वर्षांत कुत्र्यामांजरांवरून सुरू होणारी बोलणीही बरीच वाढलीत, आणि त्यातला एक प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा कानावर येतो: एवढ्या मायेने दत्तक घेतलं, पण ते जवळच येत नाही, आमचं काय चुकतंय? त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. तो बहुतेक वेळा निघताना, चपला घालता घालता विचारला जातो. परत दिलं तर? काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

घरात दोघंच. काका कंपनीतून निवृत्त, काकू शाळेतून. मुलगा टोरंटोला, मुलगी बंगळुरूला. मुलीनेच एका रात्री फोटो पाठवला. गावाबाहेरच्या एका शेडमध्ये पिल्लं काढून विकायचा धंदा चालायचा, तिथून सोडवलेल्या कुत्र्यांपैकी ही एक शित्झू, म्हणजे लांब केसांच्या छोट्या जातीची कुत्री. वय साधारण सहा. केसांच्या इतक्या गाठी झालेल्या की मुळापासून कापावे लागले होते, त्यामुळे फोटोत ती भिजलेल्या घुशीसारखी दिसत होती. (हे काकूंचेच शब्द.) काका नको म्हणत होते. आत्ता कुठे मोकळे झालोय, महिनाभर कोकणात जाऊन राहू, असा त्यांचा बेत होता. काकूंना ते डोळे बघवले नाहीत.

घरी आल्यावर ती जागच्या जागी गोल गोल फिरायची. शेजारच्या दुसरीतल्या मुलाने लगेच नाव ठेवलं, भिंगरी. सगळ्यांना वाटलं, खेळतेय. लसीकरणाला नेलं तेव्हा पशुवैद्य डॉक्टरांनी विचारलं, केवढ्या जागेत फिरते? काकूंनी घरी येऊन बघितलं. हॉलमध्ये दोन बाय दोन फुटांच्या लाद्या आहेत. भिंगरी एका लादीच्या बाहेर जात नव्हती. चारही बाजूंना मोकळा हॉल, आणि ही बया एका लादीत फिरतेय. "तेवढाच पिंजरा असणार तिचा," डॉक्टर फोनवर म्हणाले. त्या रात्री काकूंना जेवण गेलं नाही.

माझ्याकडे आल्या तेव्हा या गोष्टीला दीड महिना झाला होता, आणि हळहळीची जागा रागाने घेतली होती. घर शाकाहारी. काकूंनी जन्मात अंडं फोडलेलं नाही. तिच्यासाठी मात्र गॅलरीत इंडक्शनवर चिकन उकडत होत्या, टोप वेगळा, चमचा वेगळा, नाकाला पदर. आणि सगळे खोलीतून बाहेर गेल्याशिवाय भिंगरी त्याला तोंड लावायची नाही. शी-शू अंथरुणातच. हात पुढे केला की सोफ्याखाली. तासन् तास भिंतीकडे टक लावून बसायची. "तिला काही दिसतं का हो तिथे?" काकूंनी आवाज खाली करून विचारलं.

मग मुख्य मुद्दा आला. "मॅडम, नरकातून काढलंय तिला. तिला कळत कसं नाही? एकदा तरी शेपूट हलवावी की नाही?"

हे वाक्य माणसांच्या बाबतीतही मी पुष्कळदा ऐकलंय. एवढं केलं, त्याची काही जाणीव? सुटका करणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं. पिंजऱ्याचं दार उघडतं, जीव धावत येऊन बिलगतो. भिंगरीच्या बाजूने बघितलं तर चित्र वेगळंच आहे. पिंजरा वाईट आणि घर चांगलं, ही तुलना आपण करतो. तिला पिंजरा ठाऊक होता, हे घर ठाऊक नव्हतं, बस्स. आणि हात म्हणजे काय, तर पिल्लं उचलून नेणारी गोष्ट. काकूंचा हात वेगळा आहे हे तिला कुणी सांगायचं? अंथरुणातल्या शूचंही तसंच. झोपायची जागा कुत्रं सहसा घाण करत नाही, पण जिथे झोपायचं तिथेच सगळं उरकायचं अशी सहा वर्षं काढल्यावर तो संकोचच मरतो. तो परत शिकवावा लागतो, लहान पिल्लापेक्षाही सावकाश, आणि ओरडून तर मुळीच नाही.

"असं करणाऱ्यांना कायदा नाही का?" काकूंनी विचारलं. आहे की. केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी १८ महिन्यांची होईपर्यंत आणि ८ वर्षांनंतर तिच्यावर पिल्लं लादायची नाहीत, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाही, ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. भिंगरीची किती वेतं झाली होती, कुणास ठाऊक. आपल्याला दुकानात नाहीतर मोबाइलवर पिल्लू दिसतं, रिबीन बांधलेलं. आई दाखवा म्हटलं की विकणारा विषय बदलतो, नाहीतर "हायवेला भेटा, पिल्लू घेऊन येतो" म्हणतो. पिल्लू घ्यायचंच असेल तर आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढं मी आता कुणालाही सांगते.

आता माझी चूक. मी माणसांची समुपदेशक. कुत्र्यांचं मला कळतं ते घरी पाळण्यापुरतं. काकूंची तगमग बघून मी म्हटलं, रोज पंधरा मिनिटं तिला मांडीवर घेऊन बसा, गोंजारा, होईल सवय. आठवड्याने काकूंनी व्हिडिओ पाठवला. भिंगरी मांडीवर, काकूंचा हात पाठीवरून फिरतोय, मागे टीव्हीवर मालिका चालू. खाली लिहिलेलं, "बघा, किती शांत बसलीय!" मी उत्तर पाठवलं, "छान!"

संध्याकाळी तो व्हिडिओ मी माझ्या एका पशुवैद्य मैत्रिणीला दाखवला, कौतुकानेच. तिने आवाज बंद करून दोनदा बघितला. म्हणाली, "तोंड घट्ट मिटलंय बघ. कान मागे. मान तुझ्या काकूंकडून वळवलीय, पण डोळा त्यांच्याच हातावर, पांढरा भाग दिसतोय ना कडेला? जीभ एकदा नाकावरून फिरली, दिसली? ही शांत नाहीये गं. गोठलीय." मी परत बघितलं. पुढचा एक पाय हवेत अर्धवट उचललेला होता, पूर्ण व्हिडिओभर.

लाज वाटली. कारण हे मी माणसांत ओळखते. वर्गात अजिबात त्रास न देणारं मूल, "आमची सून शब्दाने बोलत नाही हो" म्हणून जिचं कौतुक होतं ती सून, यांच्याकडे मी आधी बघते. कुत्रीच्या बाबतीत मात्र चकले.

मैत्रिणीनेच मग २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासाबद्दल सांगितलं. फ्रँकलिन मॅकमिलन या पशुवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पैदाशीच्या जागांतून सुटून घरांत गेलेल्या अकराशेहून जास्त कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली होती. नेहमीच्या घरगुती कुत्र्यांपेक्षा यांच्यात भीती जास्त, घरात घाण करणं जास्त, आणि एकटक बघत राहणंही जास्त. अंगावर जाणं मात्र उलट कमी. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा सगळ्यात मोठा जीव भांड्यात पडला तो भिंतीच्या बाबतीत. "म्हणजे तिला भूतबित दिसत नाही ना?"

मांडी बंद झाली. नवा नियम एकच ठेवला: तिला हात लावायचा नाही, नुसतं खोलीत असायचं. तिच्याकडे बघायचंही नाही. चिकनचा तुकडा जाता जाता टाकायचा आणि पुढे जायचं. ती आली तर आली. सोबत मैत्रिणीचा एक दम होता, तो मी सगळ्यांनाच देते. अशी कुत्री दारातून निसटली तर हाकेला परत येत नाही, लपते. तेव्हा बाहेर नेताना अंगात हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), गळ्यात पट्टा, दोन्हींना वेगळी दोरी, आणि ओढ पडू द्यायची ती हार्नेसवरच. छोट्या जातींची श्वासनळी नाजूक असते. दातांचं तर बघाच. भिंगरीचे नऊ दात किडून गेले होते, भूल देऊन काढावे लागले. ती अन्नापासून लांब राहायची त्यात थोडा वाटा त्या दुखण्याचाही असणार. म्हणून माझ्याकडे येण्याआधी पशुवैद्याकडे जा. काही कुत्र्यांना भीतीवर औषधही लागतं, त्यात कमीपणा नाही.

तीन आठवड्यांनी काकू आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. भिंगरी जवळ आली होती. पण काकांच्या! काका रोज सकाळी जमिनीवर पेपर पसरून शब्दकोडं सोडवतात. त्यांनी तिच्यासाठी काहीही केलेलं नव्हतं, "ए भिंगरे, सरक" यापलीकडे एक शब्द नाही. आणि ही त्यांच्या पाठीमागे येऊन, हातभर अंतरावर, त्यांच्या बनियनचा वास घेत उभी राहिली.

"चिकन मी शिजवते," काकू म्हणाल्या आणि एकदम रडायला लागल्या.

कुत्र्याच्या बाजूने याचं उत्तर सोपं आहे. काकांना तिच्याकडून काही नको होतं, आणि घाबरलेल्या जिवाला असलंच माणूस परवडतं. पण त्या तासाला मी ते लगेच सांगितलं नाही. काकूंना रडू दिलं. मग हळूहळू निघालं ते असं की टोरंटोचा फोन आला की मुलगा पहिल्यांदा "बाबा आहेत का" विचारतो. अभ्यास काकूंनी घेतले, दुखणी काकूंनी काढली, रात्री दाराशी काकू जागल्या, आणि गप्पा बाबांशी. "सगळे यांच्याकडेच जातात. मला वाटलं, ही तरी माझी होईल."

पाच किलोच्या कुत्रीवर केवढं ओझं होतं ते. पुढच्या चार-पाच भेटींत आम्ही भिंगरीबद्दल फारच कमी बोललो. त्यातलं बरंचसं इथे सांगण्यासारखं नाही. काका एकदा येऊन गेले. पूर्ण वेळ पंख्याकडे बघत होते. जाताना म्हणाले, "हिला एवढं वाटत असेल असं मला वाटलं नव्हतं."

चपला घालतानाचा प्रश्न मधल्या काळात आलाच. "परत दिली तर लोक काय म्हणतील?" माझं मत इथे अनेकांना पटत नाही. परत देणं म्हणजे पाप नव्हे. दोन वर्षांचं मूल असलेल्या एका घराला मी स्वतः "परत द्या" म्हटलंय. त्या आईची रोजची झोप आणि त्या कुत्र्याची भीती एकमेकांना वाढवत होत्या, आणि कुत्रं दत्तक देणाऱ्या संस्थेकडे दुसरं शांत घर होतं. वाईट आहे ते चिडत, कुढत, लोकलाजेखातर ठेवून घेणं. काकूंना मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी ठरवू, द्यायची तर मी संस्थेला फोन करते. तारीख मिळाल्यावर त्या जरा सैल झाल्या. दार उघडं आहे हे कळलं की माणूस खोलीत जरा ऐसपैस बसतो, असा माझा अनुभव आहे.

दिवाळीत फटाके. काकूंनी बेडरूमच्या खिडक्या बंद करून गाद्या लावल्या, पंखा मोठा ठेवला, पलंगाखाली चादरीची गुहा केली आणि लक्ष्मीपूजनानंतर स्वतःच जमिनीवर उशी टाकून पडल्या. तिच्याकडे पाठ करून, नियमाप्रमाणे. रात्री कधीतरी पोटऱ्यांना काहीतरी ऊबदार लागलं. काकू हलल्या नाहीत. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला, तरी हलल्या नाहीत. पहाटे उटण्याची वेळ टळून गेली म्हणून काका बोलवायला आले, तर यांनी हातानेच खूण केली, जा.

सकाळी भिंगरी परत सोफ्याखाली. हे असंच चालतं, दोन पावलं पुढे आणि पाच मागे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला नाही. मीही केला नाही.

आता मार्च चालू आहे. कुकरची शिट्टी झाली की भिंगरी अजून फिरते, अजून बहुतेक त्याच लादीत. हाक मारली तर कधी बघते, कधी नाही. मांडीवर कधीच येत नाही, आणि बहुधा येणारही नाही. काकू मधून मधून मेसेज करतात, त्यात फक्त आकडा असतो: सोफ्यापासून स्वयंपाकघराकडे भिंगरी आपणहून किती लाद्या चालली. मागच्या आठवड्यात आला, "आज अकरा. उंबरठ्यावर एक पाय ठेवला, मग परत गेली."

मी लिहिलं, "छान!"

लगेच उत्तर आलं. "तुम्ही छान म्हणू नका बाई. व्हिडिओ पाठवते, आधी तुमच्या मैत्रिणीला दाखवा."