नोकऱ्या वाढल्या, म्हणजे नेमके काय वाढले?

उद्योगांतील रोजगारवाढ सरकारी आकडेवारीवरून कशी ओळखावी, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : भविष्य निर्वाह निधी संघटनेची आकडेवारी दर महिन्याला वर्तमानपत्रांत येते आणि वर ‘इतक्या लाख नव्या नोकऱ्या’ असा मथळा असतो. आमच्या औद्योगिक वसाहतीत मात्र भरती थंड आहे. मग या आकड्याचा अर्थ कसा लावावा?
— एक लघुउद्योजक, चाकण

उत्तर : आपले निरीक्षण आणि छापलेला आकडा हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ पासून ही मासिक आकडेवारी प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि तिचा आरंभ सप्टेंबर २०१७ च्या नोंदींपासून धरला. आपण दरमहा ऑनलाइन जे चलन भरता, त्यातूनच ती तयार होते. तिच्यात तीन संख्या असतात : पहिल्यांदाच सदस्य झालेले, सदस्यत्व सोडून गेलेले आणि एकदा सोडून पुन्हा कुठेतरी रुजू झालेले. पहिली आणि तिसरी संख्या मिळवून त्यातून दुसरी वजा केली की निव्वळ वाढ मिळते. ही निव्वळ वाढ वर्गणी भरल्या जाणाऱ्या सदस्यांची असते, आणि सदस्य वाढण्यासाठी दर वेळी नवी नोकरी निर्माण व्हावीच लागते असे नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. कायद्याप्रमाणे वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी (पी.एफ.) लागू होतो. आपल्या शेजारच्या शेडमध्ये एकोणीस कामगार आहेत आणि मे महिन्यात मालकाने एक हेल्पर घेतला, असे समजा. हजेरीपटावर माणूस वाढला एक. पण आस्थापनेचा पी.एफ. कोड नंबर घेऊन पहिले चलन भरले जाईल, तेव्हा पंधरा हजारांपर्यंत पगार असलेल्या सर्वांची नावे एकदम चढतील. ज्यांचे आधी कुठेच खाते नव्हते ते ‘नवे सदस्य’ ठरतील आणि ज्यांचे जुन्या कंपनीतले खाते होते ते ‘परतलेले’ ठरतील. दहा वर्षे त्याच लेथवर उभा असलेला कामगारही त्या महिन्याच्या वाढीत मोजला जाईल. पुढे मंदीत माणसे कमी होऊन पंधरावर आली, तरी एकदा लागू झालेला कायदा लागूच राहतो. म्हणजे कायद्याच्या कक्षेत येताना नोंद घाऊक होते आणि माणसे गळताना ती एकेकाने कमी होते. अशा नोंदींच्या बेरजेतून रोजगाराचा वेग वाचायचा असेल, तर हा फरक विसरून चालत नाही.

सरकारी सवलतींचाही परिणाम होतो. ऑगस्ट २०१६ मधील प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजना आणि ऑक्टोबर २०२० मधील आत्मनिर्भर भारत रोजगार योजना यांत पात्र नव्या कामगारांच्या वर्गणीचा भार सरकारने उचलला. त्यामुळे जी माणसे एरवी नोंदीबाहेर राहिली असती, त्यांची नोंद करणे मालकांना परवडू लागले. हे चांगलेच झाले. पी.एफ. लागणे ही त्या लेथवरच्या कामगारासाठी फार मोठी गोष्ट आहे. म्हातारपणाची पुंजी, निवृत्तिवेतन आणि मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारा विमा हे सारे त्या एका नोंदीशी जोडलेले असते. परंतु असलेल्या नोकरीला संरक्षण मिळणे आणि नसलेली नोकरी निर्माण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचे श्रेय दुसरीच्या नावावर टाकले की धोरण फसते.

आपल्या वसाहतीपुरते आणखी एक कारण आहे. ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराची वर्गणी ठेकेदार स्वतःच्या कोडखाली भरतो, तेव्हा तो कामगार आपल्या प्रेस शॉपमध्ये उभा असला तरी आकडेवारीत ‘तज्ज्ञ सेवा’ या वर्गात जातो. मनुष्यबळ पुरवठादार, ठेकेदार आणि सुरक्षा संस्था यांचा हा वर्ग मासिक निव्वळ वाढीत बहुधा सर्वांत मोठा असतो आणि त्याचा वाटा अनेकदा ४० टक्क्यांच्या आसपास असतो. राज्यवार यादीत महाराष्ट्र नेहमी अग्रस्थानी दिसतो तो सुमारे एक पंचमांश वाट्यासह. त्याचा आनंद जरूर मानावा, पण मुंबई-पुण्यातील मुख्यालयांतून होणारा भरणाही त्यात असतो हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा मथळा सोडून १८ ते २५ वयोगटातील पहिल्यांदाच सदस्य झालेल्यांची संख्या पाहावी, कारण त्या वयातील पहिली नोंद ही बहुधा खरोखरची पहिली नोकरी असते. शिवाय ती संख्या गेल्या महिन्याशी न ताडता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडावी. ताजे आकडे तात्पुरते असतात आणि नंतर बदलतात, हे संघटना स्वतःच प्रत्येक वेळी नमूद करते.

प्रश्न : मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. यंत्रमाग कारखान्यांच्या रोजगाराचा अभ्यास करताना एका कारखान्यात कामगार १० वरून १५ झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा १० झाले. टक्केवारी काढली तर आधी ५० टक्के वाढ आणि नंतर ३३ टक्के घट दिसते. दोन वर्षांची सरासरी साडेआठ टक्के वाढ येते, प्रत्यक्षात मात्र वाढ शून्य आहे. चूक कुठे होते?
— एक संशोधक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : आपले गणित बरोबर आहे, दोष भाजकाचा आहे. वाढ मोजताना आपण १० ने भागता आणि घट मोजताना १५ ने, म्हणून तेवढीच पाच माणसे एका वेळी मोठी आणि दुसऱ्या वेळी लहान दिसतात. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने २००३ पासून जी त्रैमासिक मालिका प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि जिचे आकडे १९९२ पर्यंत मागे जातात, तिच्यात यावर साधा उपाय आहे : आधीची आणि नंतरची संख्या यांच्या सरासरीने भागायचे. आपल्या कारखान्याची सरासरी दोन्ही वेळा साडेबारा येते. म्हणून वाढ ४० टक्के, घटही ४० टक्के आणि बेरीज शून्य. या पद्धतीचा मोठा फायदा नव्या आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या बाबतीत होतो. शून्यावरून सुरू झालेल्या कारखान्याची नेहमीच्या रीतीने टक्केवारीच काढता येत नाही. येथे ती २०० टक्के येते, आणि कायमचा बंद झालेला कारखाना उणे २०० वर जातो. जन्म आणि मृत्यू एकाच मापात बसतात.

त्या मालिकेतून घेण्यासारखी दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. तिच्यात निव्वळ वाढ एकटी दिली जात नाही. ती चार प्रवाहांत फोडून दाखवली जाते. नवी उघडलेली आस्थापने आणि विस्तारलेली आस्थापने यांनी मिळून किती नोकऱ्या दिल्या, आणि आकसलेली व बंद झालेली यांनी मिळून किती घालवल्या, हे वेगवेगळे कळते. अमेरिकेच्या खासगी क्षेत्रात सर्वसाधारण तिमाहीत एका बाजूला ७० ते ८० लाख नोकऱ्या निर्माण होतात, दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढ्याच नाहीशा होतात, आणि उरणारा फरक बहुधा काही लाखांचा असतो. वर्तमानपत्रात येतो तो हा फरक. एखाद्या गावात दोनशे माग भंगारात जाऊन तेवढ्याच कामगारांना सामावणारे नवे शटललेस माग बसले, तर निव्वळ बदल शून्य दिसेल. मात्र जुन्या मागावरचा पन्नाशीचा कामगार घरी बसला आणि नव्या मागावर दुसराच आला, हे त्या शून्यात कुठेही दिसणार नाही. आपल्या अभ्यासात हे चार प्रवाह वेगळे काढता आले, तर प्रबंधाचे मोल खूप वाढेल.

‘लहान उद्योगच जास्त नोकऱ्या देतात’ असे विधान करण्यापूर्वी वाढणाऱ्या उद्योगाला कोणत्या गटात धरले ते पाहावे. सुरुवातीच्या आकाराप्रमाणे गट पाडले, तर वाढीचे सारे श्रेय लहान गटाला जाते. शेवटच्या आकाराप्रमाणे पाडले, तर मोठ्याला. वरील विभाग प्रत्येक टप्प्याचे श्रेय त्या त्या गटाला देतो. एखादा उद्योग ३ माणसांवरून २४ वर गेला, तर २१ नोकऱ्यांपैकी १ नोकरी एक-ते-चारच्या गटात, ५ पाच-ते-नऊच्या, १० दहा-ते-एकोणीसच्या आणि उरलेल्या ५ वीस-ते-एकोणपन्नासच्या गटात जातात. हीच वाटणी न्याय्य आहे.

प्रश्न : ऑगस्ट २०२५ मध्ये येथील श्रम सांख्यिकी विभागाच्या आयुक्तांना राष्ट्राध्यक्षांनी काढून टाकले, कारण रोजगाराचे आधीचे आकडे बदलले गेले. सप्टेंबरमध्ये पुन्हा नऊ लाखांची दुरुस्ती आली. मग या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ठेवावा, आणि दुरुस्ती होते म्हणूनच ठेवावा. मासिक आकडा सुमारे १ लाख २१ हजार खासगी आणि सरकारी मालकांच्या नमुन्यावरून काढला जातो. ज्या वेतन-कालावधीत महिन्याची १२ तारीख येते, त्या काळात किती जण पगारपत्रकावर होते, एवढेच त्यांना विचारलेले असते. सर्वांची उत्तरे वेळेवर येत नाहीत. म्हणून पहिल्या अंदाजानंतर दोन महिने उशिरा आलेली उत्तरे मिळवून आकडा सुधारला जातो. १ ऑगस्ट २०२५ रोजी मे आणि जून यांचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी कमी झाले, ते या नित्याच्या प्रक्रियेत. त्याच दिवशी आयुक्त एरिका मॅकेन्टार्फर यांना पदावरून दूर करण्यात आले. अशी दुरुस्ती हे आकडे खोटे रचल्याचे चिन्ह मानणे हा संख्याशास्त्रज्ञांवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आकडा बदलला म्हणून अधिकाऱ्याला शिक्षा होऊ लागली, तर पुढचा अधिकारी आकडा बदलण्यास कचरेल आणि चुकीचा आकडा तसाच राहील.

सप्टेंबरमधील दुरुस्तीचे स्वरूप वेगळे आहे. बेरोजगारी विम्यासाठी मालक दर तिमाहीला राज्य सरकारांना जी विवरणे देतात, त्यांत ९५ टक्क्यांहून अधिक नोकऱ्यांची प्रत्यक्ष नोंद असते. मात्र ती हाती यायला अनेक महिने लागतात. वर्षातून एकदा नमुन्यावरचा अंदाज या जवळजवळ संपूर्ण मोजणीशी ताडून जुळवला जातो. मार्च २०२५ साठी प्राथमिक फरक ९ लाख ११ हजारांचा निघाला. संख्या मोठी वाटते, पण एकूण रोजगाराच्या ती ०.६ टक्के आहे. असा फरक पडण्याचे एक ओळखीचे कारण नवे उद्योग हे आहे. काल उघडलेले दुकान आजच्या नमुन्यात नसते आणि बंद पडलेले दुकान उत्तरच पाठवत नाही. त्यामुळे या दोहोंचा अंदाज प्रतिमानावरून बांधावा लागतो, आणि अर्थचक्र वळण घेते तेव्हा हे प्रतिमान मागे पडते.

प्रश्न : आमच्या उद्योजक संघटनेला जिल्ह्यातील रोजगाराचा अहवाल तयार करायचा आहे. २०२१ मध्ये सरकारने नऊ क्षेत्रांत रोजगार २९ टक्के वाढल्याचे सांगितले होते. तसा एखादा आकडा आम्ही आधाराला घ्यावा का?
— एका संघटनेचे कार्यवाह, नाशिक

उत्तर : तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये. एप्रिल-जून २०२१ च्या त्रैमासिक पाहणीत, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत, रोजगार ३ कोटी ८ लाख असल्याचा अंदाज निघाला आणि त्याची तुलना २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेतील २ कोटी ३७ लाखांशी केली गेली. म्हणजे ती वाढ सात वर्षांहून अधिक काळाची होती. वर्षाला ती साधारण साडेतीन टक्के पडते. शिवाय एक बाजू गणनेची आणि दुसरी नमुना पाहणीची, त्यामुळे तुलना काटेकोर राहत नाही. पाहणीचा नमुनाही त्या जुन्या गणनेच्या यादीतूनच निवडलेला होता, म्हणून २०१४ नंतर उभे राहिलेले उद्योग त्यात येऊ शकत नव्हते.

नोंदणीकृत कारखान्यांसाठी आपण उद्योगांची वार्षिक पाहणी पाहावी. तिची खासियत अशी की ठेकेदाराचा कामगार तिच्यात ज्या कारखान्यात काम करतो तेथेच मोजला जातो. २०२२-२३ मध्ये तिच्यात सुमारे १ कोटी ८४ लाख माणसे होती आणि रोजगारात तामिळनाडूनंतर महाराष्ट्राचा क्रमांक होता. गॅरेज, शिलाई, किराणा अशा नोंदणीबाहेरील लहान धंद्यांसाठी असंघटित बिगरशेती क्षेत्राची पाहणी आहे. २०२३-२४ मध्ये तिच्यात ७.३४ कोटी आस्थापने आणि १२ कोटींहून अधिक माणसे आढळली. दोन्हींची बेरीज मात्र करू नये. त्यांचे संदर्भकाळ वेगळे आहेत.

जिल्ह्याच्या पातळीवर या पाहण्या फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण नमुना तुटपुंजा होतो. तेथे आपल्या सभासदांचे हजेरीपट हेच सर्वांत भरवशाचे साधन आहे. प्रत्येकाकडून दोन वर्षांच्या एकाच महिन्यातील एकाच तारखेची पटसंख्या मागवावी आणि कायम, कंत्राटी व शिकाऊ असे तीन रकाने ठेवावेत. द्राक्षप्रक्रिया आणि वाइनरी यांची हंगामी भरती वेगळी लिहावी. मधल्या काळात बंद झालेल्या सभासदांची नावे यादीतून गाळू नयेत. त्यांच्यापुढे शून्य लिहून तो आकडा बेरजेत धरावा.